छाटलेल्या कोपऱ्यांचं शहर : प्रस्तावना

मुलगी परदेशी, तिला बाळ झालं, आई व्हिसाचे 90 दिवस पुरेपूर राहून आली आणि आल्यावर तिने पुस्तक लिहिलं. अशी पुस्तकं मराठीत इतकी झाली आहेत की वाचनालयांनी त्यांच्यासाठी वेगळं कपाट करावं. हे पुस्तक त्याच कपाटातलं, ते लपवण्यात अर्थ नाही. कोपनहेगनला मी तीनदा गेले ती नातीसाठी. शहर तिच्यावर फुकट मिळालं.

फरक असलाच तर एवढा, की त्याआधी 31 वर्षं मी एका महानगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात नकाशे तपासले होते. आमच्या नकाशात नवं बांधकाम लाल रंगात दाखवायचं असतं आणि पाडायचं ते पिवळ्या. निवृत्तीनंतर चष्म्याचा नंबर बदलला, सवय काही गेली नाही. कुठलीही इमारत समोर आली की माझी नजर आधी जाते सामासिक अंतराकडे, जिन्याच्या रुंदीकडे, आणि आग लागली तर बंब आत शिरेल का याकडे. ताजमहालातही मी हेच केलं असं घरचे सांगतात. खरं आहे ते.

पहिल्या खेपेची गोष्ट. शहराच्या जुन्या भागात बाबागाडी ढकलत निघाले होते. गल्ल्या अरुंद, रस्ता दगडी गोट्यांचा, चाकं सारखी खडखडत होती. तरी एक लक्षात आलं, वळणावर गाडी कुठेच अडत नव्हती. मान वर करून पाहिलं तर चौकातल्या चारही इमारतींचे कोपरे तिरपे छाटलेले. बर्फीच्या वडीचा कोपरा सुरीने उतरवावा तसे, थेट छपरापासून जमिनीपर्यंत. त्या तिरप्या तोंडावर खाली दुकानाचं दार आणि वर प्रत्येक मजल्याला एकेक खिडकी. पुढच्या चौकात तेच. त्याच्या पुढच्याही. मी पावलं टाकून कोपऱ्याची रुंदी मोजायला लागले तेव्हा मुलीला वाटलं आईचं कानातलं पडलंय.

जून 1795 मध्ये नौदलाच्या गोदीत आग लागली. उन्हाळा कोरडा होता, वारा होता, आणि दोन दिवसांत सुमारे 900 घरं गेली. नंतर शहर पुन्हा बांधायला घेतलं तेव्हा नियम केला, की चौकातल्या घरांनी आपले कोपरे तिरपे छाटायचे. लांब शिड्या घेतलेल्या बंबाच्या गाड्या वळणावर अडू नयेत म्हणून. घोडे ओढायचे त्या गाड्या केव्हाच गेल्या. कोपरे राहिले, आणि सव्वादोनशे वर्षांनी माझ्या नातीची बाबागाडी त्यांच्या कडेने वळली. आयुष्यभर मी लोकांना नियम का पाळायचे ते सांगत आले. पाळलेला नियम इतका देखणा दिसतो हे पहिल्यांदा तिथे पाहिलं. हे पुस्तक लिहावं असं वाटलं ते त्या चौकात.

आता कोपनहेगनला जाणारा माणूस काय पाहायला जातो? जलपरी. ती ब्राँझची, जेमतेम सव्वा मीटर उंच, किनाऱ्यालगतच्या दगडावर बसलेली आहे. हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या गोष्टीवरचा बॅले पाहून बिअरचे कारखानदार कार्ल याकोबसन भारावले, त्यांनी एडवर्ड एरिक्सन या शिल्पकाराकडून ती करून घेतली आणि 1913 मध्ये शहराला दिली. बसमधून उतरणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या तोंडावर एकच भाव असतो, एवढीशीच? बिचारीचं डोकं 1964 मध्ये कुणीतरी करवतीने कापून नेलं, 1998 मध्ये पुन्हा नेलं, मधे एकदा हात गेला. दर वेळी तिला पुन्हा पुरी केली. तिच्याविषयी या पुस्तकात दोन पानं आहेत आणि ती पुरेत.

न्यूहाउनचा रंगीत घरांचा धक्का तुम्ही कॅलेंडरवर पाहिलेलाच आहे. तिथे जरूर जा, फोटो काढा, जेवायला दुसरीकडे जा. आणि फोटो काढताना सायकलींच्या पट्टीवर उभ्या राहू नका. मी राहिले होते. इतक्या सभ्य माणसांच्या देशात सायकलची घंटा एवढी उर्मट असेल असं वाटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर पॅरिस किंवा रोम पाहून आलेल्याला हे शहर पहिल्या दिवशी फिकं वाटतं. छाती दडपून टाकावी असं काही नाही. पाऊस फार, इमारती बहुतेक विटांच्या, राजवाडेसुद्धा बेताचे. पण कुठल्याही देखण्या वास्तूपाशी थांबून हे इथे असं का, असा प्रश्न विचारला की दहातल्या सात वेळा उत्तर आगीपाशी जातं. राजघराणं आमालिएनबोर्गला का राहतं? कारण 1794 मध्ये ख्रिश्चन्सबोर्ग राजवाडा जळला आणि बेघर झालेल्या राजाने सरदारांचे चार वाडे राहायला घेतले. दुपारी 12 वाजता केसाळ उंच टोप्या घातलेले पहारेकरी बदलतात आणि गर्दी मोबाइल उंचावते, ते सगळं मूळचं तात्पुरत्या बिऱ्हाडाच्या अंगणात चाललेलं असतं. ते बिऱ्हाड पुढे हललंच नाही. ख्रिश्चन्सबोर्ग पुन्हा बांधला, तो 1884 मध्ये पुन्हा जळला. भिंतींवरची चित्रं बाहेर काढली, त्यांना ठेवायला जागा नव्हती, त्यातूनच 1896 मध्ये राष्ट्रीय कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. तिसऱ्यांदा बांधलेल्या ख्रिश्चन्सबोर्गमध्ये आज संसद भरते. त्याच्या मनोऱ्यावर लिफ्टने फुकट जाता येतं आणि तळघरात बाराव्या शतकातल्या बिशप अब्सालोनच्या गढीचे दगड पाहता येतात. एकाच जागेवर एकावर एक किती बांधकामं! त्याची फाइल आमच्या खात्यात आली असती तर ती उचलायला शिपाई लागला असता.

आगीने नेलेलं सगळंच परत बांधता येत नाही. त्यासाठी गोल मनोऱ्यावर चढायला हवं. राजा चौथा ख्रिश्चन याने 1637 ते 1642 या काळात तो बांधून घेतला. खाली चर्च, चर्चच्या माळ्यावर विद्यापीठाचं ग्रंथालय आणि मनोऱ्याच्या माथ्यावर वेधशाळा, असा तिन्ही कामांचा एकच वाडा. वर जायला जिना नाही. मधल्या पोकळ खांबाभोवती साडेसात वेढे घेत जाणारा विटांचा रुंद उतार आहे. पुस्तकं आणि अवजड उपकरणं वर नेता यावीत म्हणून तो तसा केला असं सांगतात. रशियाचा झार पीटर 1716 मध्ये घोड्यावर बसून वर गेला आणि त्याची राणी मागोमाग घोडागाडीतून गेली, ही गोष्ट तिथलं पोरही सांगतं. गुडघे दुखणाऱ्यांनी निश्चिंत जावं, शेवटच्या थोड्या पायऱ्या तेवढ्या सांभाळून. भिंती पांढऱ्या चुन्याच्या, खोल खिडक्यांतून पडलेला उजेड आणि पायाखाली गुळगुळीत झालेली वीट. चढ इतका सावकाश की आपण वर चाललो आहोत हे दम लागल्यावर कळत नाही, खिडकीतून छपरं दिसायला लागली की कळतं.

त्या माळ्यावर ऑक्टोबर 1728 मध्ये आग पोचली. शहराच्या पश्चिम वेशीपाशी, एका मुलाच्या हातून मेणबत्ती पडून ती लागली असं म्हणतात. ती तीन दिवस पेटत होती आणि तिने चौथ्या हिश्श्याहून जास्त शहर खाल्लं. मनोरा उभा राहिला. ग्रंथालय गेलं, आणि त्याबरोबर डेन्मार्कच्या मध्ययुगाचे कितीतरी एकमेव कागद गेले. ओले रोमर हा तिथला खगोलशास्त्रज्ञ. प्रकाशाला एका जागेहून दुसऱ्या जागी जायला वेळ लागतो हे त्याने 1676 मध्ये गुरूच्या चंद्राची ग्रहणं मोजून दाखवलं होतं. तो आगीच्या 18 वर्षं आधी वारला, पण आयुष्यभर रात्री जागून टिपलेली त्याची निरीक्षणं वेधशाळेत होती. त्यातल्या फक्त तीन रात्रींची वाचली, 1706 च्या ऑक्टोबरातल्या. हे वाचल्यावर मी मनोऱ्याच्या कठड्याला टेकून बराच वेळ उभी होते. खाली लोक आइस्क्रीम खात होते.

त्याच आगीत आर्नी मॅग्नुसन नावाचा आइसलँडचा विद्वान होता. आपल्या बेटावरची शेतघरं पालथी घालून त्याने जुनी हस्तलिखितं गोळा केली होती. काही चामडी पानं तर त्याला जोड्याच्या तळव्यांत आणि कपड्यांच्या मापांत कापलेली सापडली. आग आपल्या गल्लीपर्यंत यायची नाही असं धरून तो थांबला आणि मग घाई झाली. सर्वांत मोलाची हस्तलिखितं बहुतेक निघाली, छापील पुस्तकं जळाली. सवा वर्षात तो वारला. त्याच्या संग्रहातली आणि राजाच्या ग्रंथालयातली आइसलँडची हस्तलिखितं डेन्मार्कने 1971 पासून जहाजाने परत पाठवायला सुरुवात केली. एका देशाने दुसऱ्याचा ठेवा न भांडता परत केल्याची उदाहरणं शोधावी लागतात. इथेही थोडं भांडण झालंच, पण कोर्टात, आणि मग बोट सुटली.

तिसरी मोठी आग मात्र माणसांनी लावली. नेपोलियनच्या हाती डॅनिश आरमार पडेल या भीतीने इंग्रजांनी सप्टेंबर 1807 मध्ये शहरावर तोफा आणि अग्निबाण डागले. ते काँग्रीव्हचे अग्निबाण. श्रीरंगपट्टणच्या लढाईत टिपू सुलतानाचे बाण इंग्रजांच्या हाती लागले, त्यांच्यावरून बनवलेले. कावेरीकाठची विद्या आठ वर्षांत बाल्टिक समुद्रावर पोचली आणि तिथल्या झोपलेल्या माणसांच्या घरांवर पडली. शहराच्या मुख्य चर्चचा, वोर फ्रूए किर्केचा, उंच सुळका त्यात कोसळला.

पुढे जे झालं ते मला या सगळ्या शहरात सर्वांत जास्त आवडलं. सी. एफ. हान्सन या वास्तुकाराने चर्च नव्याने बांधलं, सुळक्याशिवाय. ठेंगणा, चौकोनी, सपाट डोक्याचा मनोरा, समोर ग्रीक खांब, आत पांढरा शुकशुकाट आणि थोरवाल्डसनने घडवलेले ख्रिस्त आणि बारा शिष्य. लोकांना ते बोडकं वाटायचं. शंभर वर्षांनी, 1910 च्या सुमारास, जलपरीवाले कार्ल याकोबसन पुढे आले. सुळक्यांचं त्यांना वेड होतं. 1795 च्या आगीत गेलेला निकोलाय चर्चचा सुळका त्यांनी स्वतःच्या पैशाने परत उभा केला होता. आता ते म्हणाले, मुख्य चर्चलाही सुळका मी देतो. पैसा तयार, दाता तयार, देवाचं काम. आपल्याकडे अशा प्रस्तावाला नाही म्हणण्याची कुणाची छाती झाली असती? तिथे वास्तुकारांनी, विशेषतः तरुणांनी, रान उठवलं. हान्सनने जे बांधलं ते अपुरं नाही, पुरं आहे, त्यावर दुसऱ्याने टोपी घालू नये, असं त्यांचं म्हणणं. वर्तमानपत्रांत धुमश्चक्री झाली, आणि सुळका काही चढला नाही. एका चर्चला जुना कळस परत मिळाला, दुसऱ्याचा नाकारला, आणि दोन्ही निर्णय बरोबर होते असं मला त्या दोन्ही चर्चपुढे उभं राहिल्यावर वाटलं. माझ्या खात्यातल्या कुठल्याही नियमात हे बसवता येणार नाही.

या पुस्तकाची मांडणी म्हणूनच प्रेक्षणीय स्थळांच्या अंतरावरून केलेली नाही. काय जळलं, काय परत बांधलं, काय मुद्दाम बांधलं नाही, या क्रमाने प्रकरणं लावली आहेत. त्यात टिवोलीसुद्धा येते. 1843 मध्ये सुरू झालेली ही बाग जत्रा आणि उद्यान यांच्या मधली काहीतरी आहे. नाझींच्या हस्तकांनी 1944 च्या जूनमध्ये तिच्यात स्फोट घडवले, संगीताचं सभागृह जळालं, आणि काही आठवड्यांत बाग पुन्हा चालू झाली. तिथल्या 1914 च्या लाकडी रोलरकोस्टरमध्ये आजही प्रत्येक गाडीबरोबर एक ब्रेकवाला माणूस बसलेला असतो, हाताने दांडा ओढून वेग आवरणारा. बाकीचे किंचाळत असतात, तो कंटाळलेला असतो. थोरवाल्डसनचं संग्रहालय मात्र आगींतून वाचलेलं, 1884 ला शेजारचा राजवाडा भडकला तेव्हाही. तिथे एक अख्खी दुपार द्या. शिल्पांपेक्षा भिंतींचे रंग पाहायला. बाहेरून हळदी पिवळा, आत वांगी, शेंदरी, गर्द निळा, आणि मधल्या अंगणात शिल्पकार स्वतः पुरलेला.

आपल्या धाग्याविषयी दोन शब्द. मुंबईची लार्सन अँड टुब्रो हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन क्रिस्तियान टुब्रो या दोन डॅनिश इंजिनियरांनी 1938 मध्ये काढली, हे पवईत कुणालाही ठाऊक असतं. कोपनहेगनच्या एका सिमेंट-यंत्रांच्या कंपनीने त्यांना इकडे पाठवलं होतं. कमी ठाऊक असलेला माणूस कार्स्टन नीबूर. डॅनिश राजाने अरबस्तान पाहून यायला सहा जणांची मोहीम काढली, ती जानेवारी 1761 मध्ये कोपनहेगनहून निघाली. भाषापंडित गेला, वनस्पतिशास्त्रज्ञ गेला, चित्रकार आणि नोकर येमेनहून मुंबईला येताना समुद्रावर गेले, डॉक्टर मुंबईत गेला. उरला एकटा नीबूर, व्यवसायाने मोजणीदार. सप्टेंबर 1763 पासून डिसेंबर 1764 पर्यंत त्याचा मुक्काम मुख्यतः मुंबईत होता आणि त्या काळात तो पुन्हा पुन्हा होडीने घारापुरीला गेला. बेट तेव्हा मराठ्यांच्या अमलात होतं. त्याने लेण्यांची मापं घेतली, आराखडा काढला, शिल्पं कागदावर उतरवली. 1767 मध्ये तो कोपनहेगनला परतला, आणि ती चित्रं तिथेच छापून 1778 मध्ये युरोपच्या हाती पडली. साथीदार मेल्यावरही टेप गुंडाळून न ठेवणाऱ्या या माणसाविषयी मी तटस्थ राहू शकलेले नाही. त्याच्यावरचं प्रकरण लांबलं आहे, ते संपादकांनी कापू दिलं नाही याबद्दल त्यांचे आभार.

हत्तींवर मात्र एक प्रकरण गमतीखातर लिहिलं. डेन्मार्कचा सर्वोच्च किताब हत्तीचा. ख्रिश्चन्सहाउनच्या वोर फ्रेल्सर चर्चमधला भव्य ऑर्गन दोन हत्तींच्या पाठीवर तोललेला, आणि त्याच चर्चचा 1752 चा सुळका बाहेरून वळसे घेत जाणाऱ्या जिन्याचा, ज्याच्या शेवटच्या दीडशे पायऱ्या उघड्या वाऱ्यात आहेत. मी गेले नाही. जावई गेले. कार्ल्सबर्गच्या जुन्या कारखान्याच्या दाराशी 1901 पासून ग्रॅनाइटचे चार हत्ती उभे आहेत आणि त्यांच्या झुलींवर स्वस्तिक आहे. हिटलरच्या आधीचं, कारखान्याची खूण म्हणून कोरलेलं. युरोपियन पर्यटक ते पाहून दचकतात. मला उंबरठ्यावरचं आठवलं, आणि मग बाजूला उभ्या माणसाचा चेहरा पाहून मीही जरा गप्प झाले.

पहिल्या दोन खेपांत मी बोर्सनचे भरपूर फोटो काढले होते. चौथ्या ख्रिश्चनने बांधलेला हा व्यापाऱ्यांचा लांबलचक बाजार, वर चार ड्रॅगनांच्या शेपट्या एकमेकींत पिळून केलेला 56 मीटर उंचीचा सुळका. आजूबाजूच्या आगी येऊन गेल्या, ख्रिश्चन्सबोर्ग शेजारी दोनदा जळला, बोर्सनला काही झालं नाही. ड्रॅगन राखण करतात असं लोक म्हणायचे. 16 एप्रिल 2024 च्या सकाळी, चारशे वर्षांच्या निमित्ताने डागडुजी चालू असताना, छपराला आग लागली. तांब्याच्या पत्र्याने पाणी आत जाऊ दिलं नाही आणि उष्णता बाहेर. तासाभरात शेपट्या रस्त्यावर पडल्या. मुलीने फोनवर दाखवलं तेव्हा आमच्याकडे दुपार होती, कुकर लावला होता, आणि मी तो बंद करायला विसरले. पडद्यावर कर्मचारी, सैनिक, रस्त्याने जाणारे लोक चित्रं उचलून बाहेर पळत होते. क्रोयरने 1895 मध्ये रंगवलेलं, त्याच इमारतीतल्या व्यापाऱ्यांचं भलंमोठं चित्र कितीतरी जणांनी मिळून काढलं. दोन दिवसांनी बाहेरची एक भिंतही बसली.

त्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा गेले. उरलेल्या भिंतींना टेकू म्हणून काँक्रीट भरलेले कंटेनर रचले होते. पुन्हा बांधायचं हे मालकांनी आगीच्या दिवशीच सांगितलं होतं, आणि या वेळी सुळका नको म्हणणारं कुणी मला भेटलं नाही.

पुस्तकाच्या सुरुवातीला शहराचा एक नकाशा आहे, त्यात ठळक इमारती छोट्या चित्रांनी दाखवल्या आहेत. तो काढणाऱ्या मुलीने छपाईच्या आधी विचारलं, बोर्सनचा सुळका ठेवू की काढून टाकू, आत्ता तर तो नाहीये. बाकी नकाशा काळ्या रेषेत आहे. मी तिला म्हटलं, ठेव, फक्त लाल शाईने.